विभूतीइतका पांढरा

सत्य एकच असतं आणि ते सगळ्यांना सारखंच दिसतं, असं आमचे घरमालक म्हणत. फक्त ते दिसायला गुलबर्ग्याजवळच्या आळंदला, बसस्टँडमागच्या गल्लीत यावं लागे, अरुंद जिना चढून त्यांच्या फोटो स्टुडिओत शिरावं लागे, आतल्या खोलीचा काळा पडदा सारून त्यांच्या मॉनिटरसमोर बसावं लागे, आणि नेमकी त्या वेळी लाईट असावी लागे.

गाव त्यांना अण्णा म्हणे, म्हणून मीही म्हणायला लागलो. कॉलेजातल्या नोकरीसाठी मी आळंदला आलो आणि त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत बरीच वर्षं राहिलो. माझ्या खाली त्यांचं घर आणि घराला लागूनच स्टुडिओ. बाहेरच्या खोलीत पासपोर्ट फोटो निघत. आतल्या खोलीत सत्य असे. त्या खोलीच्या भिंती राखाडी, छत राखाडी, टेबल राखाडी, आणि कामाला बसताना अण्णा स्वतः राखाडी बनियन घालत. अंगावरचा रंग मॉनिटरच्या पडद्यावर सांडतो, असं त्यांचं म्हणणं. काम संपवून बाहेर आले की लगेच पांढरंशुभ्र धोतर, पांढरा शर्ट. "आत गेले की उंदीर, भाईर आले की बगळा," असं त्यांच्या बायकोचं म्हणणं. तिला सगळे अक्का म्हणत.

मी नवा लॅपटॉप घेतला त्याच दिवशी अण्णा वर आले. पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "चालू करा."

मी चालू केला. ते आधी समोरून, मग उजवीकडून, मग जरा वाकून बघत राहिले. डॉक्टर पोटावर हात ठेवून गप्प होतात तसं.

"सर, तुमचा लॅपटॉप खोटं बोलायलाय."

"मी त्यावर नुसतं टाईप करतो, अण्णा. काळी अक्षरं."

"काळं तरी काळं हाय का त्याच्यात?"

ते लॅपटॉप उचलून घेऊन गेले. जेवणानंतर परत आणून दिला तेव्हा त्यातली पांढरी पानं मला शिळ्या भाकरीसारखी दिसायला लागली होती. "आठ दिवस थांबा," ते म्हणाले, "डोळा सुधरल." आठ दिवसांनी मला स्टाफरूममधले सगळे लॅपटॉप निळेशार वाटायला लागले. माझा डोळा सुधारला की बिघडला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पडदा तपासायचं एक यंत्र त्यांनी हैदराबादहून आणलं होतं. चपटं, काळं, मागं वायरची शेपटी. ते पडद्यावर लोंबकळत ठेवायचं. मग पडद्यावर एकेक रंग येतो, यंत्र तो मोजतं, आणि पडदा किती खोटा आहे ते सांगतं. हे चाललेलं असताना खोलीत कुणी बोलायचं नाही. अक्का त्याला पाल म्हणे. "पाल बसली का वो भिंतीवर? मग जेवून घ्या." अण्णांना हे आवडत नसे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी लिंगपूजा झाली, कपाळावर तीन पट्टे ओढले, की ते तसेच आत जाऊन पाल लावत. दोन्ही पूजांना वेळ साधारण सारखाच लागे.

पण यंत्राच्या वर एक कोर्ट होतं. ते म्हणजे विभूती. आमच्या भागातल्या लग्नात ज्याच्या त्याच्या कपाळाला विभूती असते. नवरा, नवरी, दोन्हीकडचे सोयरे, वाढपी, बँडवाले. अण्णांच्या मते ही सोय फोटोग्राफरसाठीच झाली होती. "देवानं ज्याच्या त्याच्या कपाळावर व्हाईट बॅलन्स लिहून पाठवलाय, सर. आपुन नुसतं वाचायचं." फोटो उघडायचा, माउसनं कपाळावर टिचकी मारायची, हे पांढरं आहे असं कॉम्प्युटरला बजावायचं, की बाकीचे रंग मुकाट्यानं आपापल्या जागी जाऊन बसतात. ताडून बघायला टेबलावर विभूतीचा, म्हणजे शेणाच्या राखेचा, गोळा ठेवलेला असे. तो निंबर्ग्याहून येई. दुसऱ्या गावचा चालत नसे. ज्या लग्नात विभूती नसे तिथं ते नवरदेवाच्या दातांवर भागवत. पण आमच्याकडे तंबाखू फार. त्या पिवळ्याला पांढरं मानलं की बाकी सगळं निळं पडायचं. अशा लग्नांचे अल्बम मी पाहिले आहेत. मांडव समुद्राच्या तळाशी घातल्यासारखा दिसे.

त्यांच्या सत्याचा लोकांना उपयोगही होता. गल्लीतल्या बायका मोबाईलवर साडी पसंत करून अण्णांकडे येत. "अण्णा, ह्यो रंग खरा हाय का बघा की." अण्णा ती साडी मोठ्या पडद्यावर उघडत, थोडं मागं सरून बघत आणि निकाल देत, "डाळिंबी न्हाई. विटकरी येतंय." पार्सल आलं की साडी कधी विटकरी निघे, कधी डाळिंबी, आणि एकदा तर पोपटी निघाली. अण्णा डगमगले नाहीत. "पडदा खरा हाय. पाठवणारा खोटा हाय," म्हणाले. एका पुढाऱ्यानं वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी फोटो काढून घेतला होता. फ्लेक्स बघून त्याचा माणूस धावत आला. "अण्णा, सायेब असे दिसतेत व्हय?" अण्णा म्हणाले, "त्यास्नी इकडं घेऊन या, शेजारी हुबं करून दावतो." साहेब आले नाहीत. पुढच्या वर्षीचा फ्लेक्स गुलबर्ग्यात झाला आणि त्यात साहेब नुकत्याच उमललेल्या गुलाबासारखे दिसत होते.

मी राहायला गेल्यावर काही वर्षांनी जग पिवळं पडायला लागलं.

सुरुवात दुधापासून झाली. अण्णांनी पेला उजेडाकडे धरला आणि विचारलं, "गवळी हळद टाकायलाय काय गं?" मग ट्यूबलाईट पिवळी पडली, ती बदलली, नवीही पिवळीच निघाली. मग फोटो छापून देणाऱ्या हैदराबादच्या लॅबचा कागद पिवळा यायला लागला. मग त्यांचं धोतर. शेवटी एका सकाळी त्यांनी निंबर्ग्याचा गोळा खिडकीत धरून बघितला आणि गंभीरपणे म्हणाले, "शेणात भेसळ हाय."

शेणात भेसळ कशी करतात, असं मी विचारलं.

"सर, आजकाल लोक कशातबी करतेत."

त्यांनी गोळा बदलला, गाव बदललं, मंठाळच्या पाहुण्यांकडून वेगळी विभूती मागवली. तीही पिवळी. पाल मात्र पडदा बरोबर असल्याचं सांगत राहिली. तेव्हा अण्णांनी पालीला म्हातारी ठरवलं, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवून दिलं आणि नुसत्या डोळ्यावर काम सुरू केलं. टिचकी मारूनही कपाळावरची विभूती पांढरी होईना, तर ती पांढरी होईपर्यंत ते निळा वाढवत. धोतराचंही तेच. "नीळ टाक अजून," ते अक्काला सांगत. अक्का टाके. पुढं पुढं अण्णा गल्लीच्या तोंडाशी दिसले की आभाळाचा तुकडा चालत आल्यासारखं वाटे. अण्णांनी पक्ष बदलला, अशी एक बातमीही उठली होती.

गिऱ्हाइकांनी मात्र तक्रार केली नाही. निळसर झाक आली की माणसं जरा उजळ दिसतात, आणि उजळ दिसल्याबद्दल भांडायला अजून तरी कुणी जिना चढलेलं नाही. बोलणारी एकटी अक्का होती.

"अहो, सगळ्या नवऱ्या थंडीनं काकडल्यावानी दिसायल्यात."

"तुझा डोळा कच्चा हाय."

"सर, तुमी सांगा बरं."

निळं दिसतंय, असं मी सांगितलं. अण्णांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "तुमी दिवसभर छापील वाचताव. तुमचं काय खरं हाय?"

अशात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न झालं. उदगीरचं स्थळ, किराणा-भुसारचं दुकान, घर चांगलं. फोटो अण्णांनी स्वतः काढले. कन्यादानाच्या वेळी सुद्धा कॅमेरा गळ्यात होता; जंगमस्वामींनी तो काढायला लावला तेव्हा कुठं हात मोकळे झाले. अल्बमला मात्र इतके महिने लागले की उदगीरहून विचारणा सुरू झाली. शेवटी अल्बम गेला. आणि पंधरवड्यात परत आला.

सोबत एक साडी होती.

मुलीचा फोन आला तेव्हा मी खालीच होतो. अक्कानं फोन स्पीकरवर टाकला. सासूला मुलगी आत्याबाई म्हणे. "अप्पा, आत्याबाई म्हणायल्यात, फोटोतली साडी कुणाची हाय म्हणून. त्यांची वांगी रंगाची हुती. फोटोत शाई सांडल्यावानी निळी दिसायलीय. खरी साडी धाडलीय बगा, मिळवून बघा म्हणून." मग जरा थांबून हळू आवाजात म्हणाली, "फोटोवाल्याची पोरगी केली अन् घरात लग्नाचा एक धड फोटो न्हाई, असं म्हणायल्यात. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायल्यात. पुढच्या महिन्यात ओटभरण हाय माझं. समदे सोयरे येणारेत. त्याच्या आत करा अप्पा, व्हय?"

ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, असं अक्का नंतर म्हणाली.

अण्णांनी साडी खोलीत नेली, अल्बमशेजारी पसरली. मी आणि अक्का दारात उभे. साडी वांगी रंगाची होती. ताज्या, नुकत्या तोडलेल्या वांग्याची. फोटोतली साडी शाळेच्या दौतीतून काढल्यासारखी होती. अण्णांनी एकदा इकडं, एकदा तिकडं बघितलं. मग पदराचं टोक बोटांत चोळलं.

"साडी उतरलीय," ते म्हणाले. "धुऊन धुऊन तपकिरी पडलीय. फोटोतला रंग खरा हाय."

अक्का दारातूनच वळली. आत गेली आणि दोन ब्लाऊजपीस घेऊन आली. अक्का खणाच्या दुकानात तासभर घालवून मॅचिंग करणारी बाई. दुकानदार तिला बघून दोन स्टूल मांडत, एक तिला आणि एक स्वतःला. तिनं दोन्ही कापडं टेबलावर ठेवली. एक पांढरं होतं. दुसरं लोण्याच्या रंगाचं होतं, गाईचं, चांगलं पिवळं लोणी.

"ह्यातलं पांढरं कुठलं वो?"

अण्णांनी आधी कापडं बाजूला सारली. प्रश्नच अपमानाचा होता. मग बघितलं. मग वाकून बघितलं. मग खिडकीवरचा जाड पडदा सारून खिडकी उघडली, आणि ती खिडकी उघडलेली मी तोवर कधी पाहिली नव्हती. खालच्या रस्त्याचा आवाज आत आला. दोन्ही कापडं त्यांनी उन्हात धरली.

"दोन्ही सारखेच की," ते म्हणाले.

अक्कानं कापडं त्यांच्या हातातून घेतली, घडी घातली, आत नेऊन ठेवली. मग विचारलं, "चहा ठिवू का?" एवढंच. दुसरी एखादी बाई जिंकली असती. अक्का चहा घेऊन आली आणि त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसली. दोघं त्या उघड्या खिडकीतून बसस्टँडकडे बघत बसले. चहा संपल्यावर अण्णा म्हणाले, "गुलबर्ग्याला जाऊ."

मीही सोबत गेलो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत असल्याचं सांगितलं. पिवळा, चांगला पिकलेला. अण्णांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्यांची अडचण पुढची होती.

"म्हणजे आतली काच काढणार. अन् तुमची घालणार."

"हो. लेन्स."

"तिचा रंग कसा हाय?"

"रंग नसतो. पारदर्शक असते."

"पारदर्शक म्हंजे पाण्यावानी का काचेवानी? काचेत हिरवट असतंय. कडंनं बघा कधी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"अन् बसवल्यावर ती बरोबर हाय का न्हाई, हे कोण तपासणार?"

"तुम्हीच. तुम्हाला दिसेल ना."

"मी कसा तपासू? माझा डोळा तर तुमच्याच काचेतनं बघणार," अण्णा म्हणाले. डॉक्टरांनी थोडा वेळ माझ्याकडे आणि मग अक्काकडे बघितलं.

"ह्यांचा धंदा काय?"

"ह्योच," अक्का म्हणाली.

उजवा डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी फळं घेऊन गेलो होतो. अण्णा खाटेवर बसले होते आणि अक्का मोसंबी सोलत होती. ते तिच्याकडं बघत होते. आधी दोन्ही डोळ्यांनी, मग डावा झाकून, मग उजवा झाकून, मग पुन्हा डावा झाकून.

"काय बघायलाव?"

"तुझे केस पांढरे हायत," अण्णा म्हणाले.

"बरं झालं की. इतका खर्च करून डोळा आणला, अन् पहिल्यांदा म्हातारी बायको दिसली."

"तसं न्हाई गं. पांढरे हायत. विभूतीवानी."

अक्का मोसंबी सोलत राहिली. दोन वर्षांत त्यांनी कशाला पांढरं म्हटलेलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं असावं. कारण तिनं पदर डोक्यावरून घेतला नाही, जरा मागंच सरकवला.

घरी आल्यावर त्यांनी दोरीवर वाळणारं आपलं धोतर बघितलं. मग आत जाऊन कपाट उघडलं. शर्टांचा तो निळा ढीग ते बराच वेळ बघत होते.

"मी असा फिरायलो हुतो गावात?"

"व्हय."

"अन् तू सांगितली न्हाईस?"

"रोज सांगत हुते. तुमी म्हणलाव, तुझा डोळा कच्चा हाय."

अण्णा कोनाड्यापाशी गेले. फडकं सोडलं, पालीची खालची बाजू धोतराच्या सोग्यानं पुसली आणि तिला पडद्यावर लावली. माफी वगैरे मागितली नाही. पण त्या दिवशी रंग मोजून होईपर्यंत ते तिच्याजवळ बसून राहिले, एरवी बाहेर येऊन पेपर वाचत. मोजणी झाल्यावर मुलीच्या लग्नाचे फोटो उघडले. डावा डोळा झाकून पहिला फोटो बघितला आणि काळा पडदा लावून घेतला. तासाभरानं बाहेर आले ते सरळ अक्काकडं गेले. म्हणाले, "पोरीला निळीत बुडवून काढल्यावानी केलं की गं मी."

"पुन्ना करा," अक्का म्हणाली.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी लांबवलं. डॉक्टरांना सांगितलं, सध्या जुन्या काचेची गरज आहे. जुन्या गिऱ्हाइकांना काय देऊन बसलो ते त्या डोळ्यानं बघायचं आणि पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही, असा हिशेब होता. काम करताना ते मध्येच उजवा डोळा झाकत, डाव्यानं बघत आणि तोंड वाकडं करत. गल्लीत चालतानाही करत. समोरून येणाऱ्या बाया पदर सावरून बाजूनं जात. मग अक्काला घरोघरी खुलासा करावा लागला.

ओटभरणाच्या आत अल्बम व्हायचा होता. या वेळी विहीणबाईंची साडीच खरं-खोटं ठरवणार होती. अण्णांनी ती मॉनिटरशेजारी राखाडी भिंतीवर टाचण्यांनी लावली. रोज संध्याकाळी अक्काला आणि मला बोलावणं येई. आम्ही स्टुलावर बसायचं, एकदा भिंतीवरच्या साडीकडं, एकदा पडद्यावरच्या साडीकडं बघायचं आणि बोलायचं. "अजून जरा तांबूस." "आता जास्ती झालं." "पदराकडं चांगलं हाय, निऱ्या मळकट दिसायल्यात." अण्णा आमचं ऐकत. त्यांनी दुसऱ्या कुणाच्या डोळ्याचं ऐकलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि अक्कानंही पाहिलं नसावं, कारण पहिल्या दिवशी ती साधं मत द्यायलाही लाजली.

मधल्या दोन पानांवर पसरून टाकायला मोठा फोटो हवा होता. जुन्या अल्बममधल्या फोटोत साडीवर सावली होती. अण्णांनी लग्नाचे शेकडो फोटो पुन्हा चाळले आणि एक शोधून काढला. विहीणबाई सुनेची ओटी भरताहेत आणि फ्लॅश नेमका त्यांच्या पदरावर पडला आहे. या फोटोला काही करावंच लागलं नाही. साडी जशीच्या तशी होती. अण्णांनी भिंतीवरच्या साडीचं टोक पडद्याला लावलं. फोटो कुठं संपतो आणि कापड कुठं सुरू होतं ते कळेना. अक्का म्हणाली, "हीच." मी म्हणालो, "हीच." अण्णांनी डावा डोळा झाकून, उजवा झाकून, दोन्ही उघडून बघितलं आणि पान लॅबला पाठवलं. हैदराबादहून अल्बम आला. त्यांनी तो उन्हात, सावलीत आणि ट्यूबखाली, तिन्ही ठिकाणी तपासला. मग साडीला इस्त्री करून घेतली.

उदगीरला आम्ही तिघं बसनं गेलो. अल्बम अण्णांच्या मांडीवर होता. सोबत विहीणबाईंना परत द्यायची साडी, पाच प्रकारचा भात, शेंगापोळ्या आणि मुलीसाठी हिरवी साडी. साडीचा हिरवा बरोबर आहे का, हे कुणी विचारलं नाही. मुलगी दारातच उभी होती. तिनं आधी अल्बमकडं बघितलं, मग वडिलांकडं. "बघशील की," अण्णा म्हणाले.

ओटी भरून झाली, गाणी झाली, आणि सोयऱ्या बायका अल्बमभोवती जमल्या. विहीणबाई मध्यभागी. आम्ही परत आणलेली तीच साडी त्यांनी मुद्दाम नेसली होती. अण्णा उठले, खिडकीची दोन्ही दारं उघडली आणि सतरंजी उजेडात ओढायला लावली. पानं उलटत गेली. मुलीनं श्वास धरला आहे, हे मला पलीकडच्या भिंतीपासून दिसत होतं. मधलं पान आलं. विहीणबाईंनी स्वतःचा पदर उचलून फोटोवर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "हीच माझी साडी."

अक्कानं मुलीकडं बघितलं. मुलीनं श्वास सोडला. विहीणबाई अजून वाकूनच बघत होत्या. मग त्यांनी मान वर केली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "पर ह्यात मी झोपले हुते व्हय वो, लेकाच्या लग्नात?"

पहिल्यांदा मुलगी हसली. मग अक्का. मग विहीणबाई स्वतः इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं, आणि त्यानंतर येईल त्या पाहुण्याला त्या ते पान उघडून दाखवायला लागल्या. फोटोवाल्याच्या पोरीचं नाव पुन्हा त्या सुरात त्या घरात निघालं नाही. अण्णा तेवढे खिडकीपाशी उभे होते, एक डोळा झाकून.

अल्बम आता उदगीरच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात असतो. मधल्या दोन पानांवर पसरलेल्या त्या फोटोत विहीणबाईंचे डोळे घट्ट मिटलेले आहेत. साडी वांगी रंगाची आहे.